दोन ओळींचे उत्तर

तिचे पत्र मी त्याच संध्याकाळी तीनदा वाचले होते, आणि तिसऱ्यांदा वाचण्याआधीच मला कळले होते की ती बरोबर आहे. उत्तर मात्र एकतीस वर्षांत दिले नाही.

ती दुसऱ्या विद्यापीठातली संशोधक विद्यार्थिनी. जन्मात माझा एकच निबंध छापून आला, आणि त्याच्या सातव्या पानावरची चूक तिने दाखवली होती. विषय असा: एखादे यंत्र एकामागून एक चिन्हे देत राहते. त्याच्या सवयी बदलत नाहीत. आज मोजा की दहा वर्षांनी, प्रमाणे तीच. आजवरचे सगळे ऐकून झाल्यावरही पुढच्या चिन्हात सरासरी जेवढे नवे उरते, तो त्या यंत्राचा माहितीचा दर. अशा यंत्रापाशी पुरेसा वेळ बसून एकच नोंद ऐकत राहिले की दर हाती लागतो, असे मी सिद्ध केले होते. निदान मला तसे वाटले होते.

तिने लिहिले होते: पेटीत दोन नाणी आहेत. एक सरळ, दुसऱ्याच्या दोन्ही बाजूंना छापा. सुरुवातीला एकदाच, न बघता, त्यांतले एक उचलायचे आणि मग जन्मभर तेच उडवायचे. सवयी बदलत नाहीत. पण सरळ नाणे मिळालेल्याला दर फेकीला माहितीचे पूर्ण एक एकक नवे मिळते, आणि दुसऱ्याला नुसते छापा, छापा, छापा. खरा दर, म्हणजे दोन्हींची सरासरी, अर्धा. तो दोघांपैकी कोणालाच कधी ऐकू येत नाही.

शेवटी होते, 'माझे मार्गदर्शक छापील निबंधावर विश्वास ठेवतात, माझ्यावर नाही. आपण दोन ओळी लिहिल्यात तर माझा प्रबंध पुढे सरकेल.'

मी मसुदे केले. 'आपले म्हणणे विचारार्ह आहे' इथपर्यंत यायचो आणि कागद फाडायचो. मग बढतीची मुलाखत आली. मग इतके दिवस गेले की आता कोणत्या तोंडाने लिहायचे, असे झाले.

मागच्या आठवड्यात माझ्या जुन्या संस्थेतून फोन आला. जुने निबंध एका संग्रहात पुन्हा छापायचे होते. संपादक माझाच विद्यार्थी. म्हणाला, काही दुरुस्ती असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, नसणारच म्हणा. चूक निघाली तर, असे मी विचारले. जागा तशीही कमी आहे, निबंध गाळू, असे तो हसत म्हणाला. मग धीर करून मी तिची चौकशी करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी कळले: प्रबंध अर्धवट सोडला, शाळेत अंकगणित शिकवते, पुढच्या वर्षी निवृत्त होईल.

बायको भाजी चिरत होती. तिला सगळे सांगितले.

"काय मागितलं होतं तिनं?"

"दोन ओळी."

"दोन ओळींना एकतीस वर्षं. आणि मला म्हणता, भाजी चिरायला वेळ लावतेस." थोड्या वेळाने मान वर न करता तिने विचारले, "त्या पुस्तकात तुमचं एवढंच येणार होतं ना?"

"एवढंच."

ती पुढे काही बोलेल म्हणून मी उभाच राहिलो.

"तुमचं गप्प बसणं मला पाठ आहे हो," ती म्हणाली. "त्या पोरीला काय माहीत? तिला वाटलं असेल, आपलंच चुकलं."

हे माझ्या कधी मनातच आले नव्हते.

गुरुवारी संपादकाला फोन करून कळवले की सातव्या पानावरचे खोटे आहे, ते कोणी दाखवले तेही संग्रहात नोंदवा, आणि निबंध गाळा.

"सर, कोणाच्या लक्षात आलं नसतं," तो म्हणाला.

"एकीच्या आलं होतं," मी म्हणालो.

मग तिला लिहिले, 'तुमचे बरोबर होते. तुमचे पत्र आले त्याच संध्याकाळी मला ते कळले होते.' दुसऱ्या ओळीला पहिलीपेक्षा फार वेळ लागला.

पोस्टात खिडकीशी उभा राहून पत्ता घातला. आमच्या क्षेत्रातल्या माणसाला लिहिताना नावाआधी 'डॉ.' लिहायची हाताला सवय. पेन टेकले आणि थांबले. मग नुसते नाव लिहिले, खाली शाळेचा पत्ता. कारकुनाने पाकीट तोलले, तिकीट लावले, शिक्का मारला आणि माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावले.