सुभेदारदादांची तिसरी थाप

हिमालयाला ढग समजणारी बाई आमच्या अख्ख्या कोरेगाव तालुक्यात एकच निघाली, आणि ती मी. बरं, एकदा नव्हे, लागोपाठ तीन पहाटा समजले. तेव्हा मी पासष्टीची अल्लड पोर होते. आज पंचाहत्तरीच्या शहाणपणातून तिच्याकडे पाहिलं की तिचे दोन्ही कान पिळावेसे वाटतात. पण त्या चुकीचं स्मरण झालं की डोळ्यांपुढे मी येत नाही. येतात त्या आक्का, माझ्या थोरल्या जाऊबाई: अल्मोड्यातल्या एका घराच्या लाकडी सज्जात, तपकिरी शालीत नखशिखान्त गुरफटलेल्या, दोन्ही तळव्यांत चहाचा पेला धरून त्याच्या वाफेआडून जगाकडे संशयाने पाहणाऱ्या.

संशय हा आक्कांचा स्थायीभाव. भाजीवालीच्या तराजूवर त्यांचा विश्वास नाही, पंचांगावर नाही, नवऱ्याच्या शब्दावर तर मुळीच नाही. हसणं मात्र ज्वारीच्या लाहीसारखं; बराच वेळ तव्यावर काहीच हालत नाही, आणि मग एकाएकी तडतड फुटून सारं घर पांढरंशुभ्र होतं.

त्यांचे यजमान फौजेत. सगळं गाव त्यांना सुभेदारदादा म्हणे. उमेदीची काही वर्षं त्यांनी अल्मोड्याकडच्या पहाडांत काढली होती, आणि रजेवर आले की ओट्यावर बसून तीन नवलं सांगत. तिकडे भांगेच्या बियांची चटणी करतात आणि ती खाऊन कुणी झिंगत नाही. तिकडे काळ्या मिठाईला पांढऱ्या मण्यांचा साज चढवतात. आणि तिकडचं बर्फ पहाटे गुलाबी होतं. ओटा रंगून जाई, आणि आतून, पिठाच्या हातांनी, आक्कांचा आवाज येई, "भाकरी मी थापतीया, आन् थापा ह्ये मारत्यात!" सारे हसत. दादाही हसत, आणि म्हणत, "एकदा डोळ्यांनी दावतो तुला." दाखवायचं राहून गेलं. माणूस निघून गेला, आणि थापाड्या हा आक्कांनीच मारलेला शिक्का त्याच्या नावावर तसाच राहिला.

दादांच्या पश्चात एका संध्याकाळी, देवाजवळ दिवा लावता लावता, माझ्याकडे न बघताच आक्का म्हणाल्या, "सुमन, मला त्ये गाव बघायचंय. माणूस खरं बोलत व्हता का न्हाई, येवढंच." माझ्या नातीने तिकिटं काढून दिली, आणि आम्ही दोघी जावा त्या सत्याच्या शोधात कार्तिकात उत्तरेला निघालो.

तिथलं ऊन कणीदार तुपासारखं; देवदारांच्या फांद्यांवर थिजता थिजता खाली ओघळणारं. आम्ही उतरलो ते घर चंपादीदींचं. जेवायला पुढ्यात आली ती काळसर, खरपूस रोटी. आक्कांनी कड मोडून चाखली, आणि कपाळाला आठी घातली. "आगं, दोन दिस रेल्वेत हाडं खिळखिळी केली ती नाचणीच खायाला व्हय?" मग आला काळ्या सोयाबीनचा दाट रस्सा, आणि वाटीत राखाडी-हिरवी चटणी. चंपादीदी सहज म्हणाल्या, "भांग के दाने की है." आक्कांचा हात थांबला. बोटाच्या टोकावर इवलीशी घेऊन त्यांनी जिभेला लावली, आणि उतू जाणाऱ्या दुधावर नजर ठेवावी तशी स्वतःच्या डोक्यावर नजर ठेवून बसल्या. काही झिंगलं नाही. त्यांनी मुकाट्याने वाटी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी बाजारात ती मिठाई दिसली. खव्याची, काळपट, अंगभर साखरेचे मणी ल्यालेली. आक्कांनी त्यातला एक मणी सोडवला, उन्हात धरून पाहिला, मग तोंडात टाकला. एकेक पुरावा दादांच्या बाजूने पडत होता, आणि निवाडा द्यायला आलेल्या न्यायाधीशाचीच पावलं जड होत होती. उरलं होतं फक्त गुलाबी बर्फ. साऱ्या संसाराचा हिशेब त्या एका रंगावर येऊन ठेपला होता.

त्या रंगावर पहारा द्यायचं काम मी अंगावर घेतलं. फटफटायला लागलं की मी सज्जात. आता, मी जन्मले जरंडेश्वराच्या पायथ्याशी, नांदलेही तिथेच. आमचे डोंगर पालथ्या परातीसारखे. माथा सपाट, आणि माथ्यावर जे दिसेल ते आभाळ, हा आमचा भूगोल. मी समोरच्या निळ्या डोंगररांगेची कड पाहायची, तिच्यावर बर्फाचा ठिपका नाही अशी खात्री करायची, आणि आत ओरडायची, "आवं आक्का, निजा निवांत. आजबी ढगंच हायती. गुलाबी झाल्यात, पर ढगंच!"

रजईतून उत्तर येई, "ढगं काय आपल्याकडं नसत्यात व्हय?"

गुलाबी हा शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारूनही डोक्यात उजेड पडू नये, अशी ती पासष्टीची बया! सूर्य वर आला की धुकं चढे आणि सारंच पुसलं जाई.

निघायच्या सकाळी चंपादीदी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "रोज दर्शन हुए ना, माताजी? इस बार मौसम बहुत साफ रहा." मी म्हटलं, कसलं दर्शन? त्यांनी चहा तिथेच ठेवला. मग आत जाऊन आक्कांना हाताला धरून बाहेर घेऊन आल्या, हनुवटीखाली दोन बोटं ठेवली आणि ती सुरकुतलेली मान हळूच उचलली. "और ऊपर, माताजी. और ऊपर."

आणि जिथे पृथ्वी असण्याचं काही कारणच नव्हतं तिथे, अर्ध्या आभाळात, ती हिमशिखरं उभी होती. तान्ह्या बाळाच्या टाचेसारखी गुलाबी.

आक्कांनी शाल सारली आणि पदर डोक्यावरून पुढे ओढला, जसा दादा रजेवर येऊन दारात उभे राहिले की ओढायच्या. मग त्या पदराआड लाही फुटली, तडतड, आणि डोळे पुसत पुसत त्या हसत राहिल्या.

आज आमच्या ओट्यावर तीच तीन नवलं आक्का सांगतात, आणि आतून सुना खुसूखुसू हसतात. पण त्या पहाटे मी मान खाली घालून त्यांच्या शिव्यांची वाट पाहत उभी होते. त्यांनी माझा हात धरला, शिखरांवरची नजर काढली नाही, आणि म्हणाल्या,

"आगं सुमन, माणूस खोटं न्हवता बोलत. आपुनच खाली बघत व्हतो."