भल्या आजीचं काम

“तुला केंकी मिळणार नाही,” म्हणत बाजारातल्या केंकीवालीनं मक्याच्या उकडलेल्या गोळ्यांच्या टोपलीवर फडकं ओढलं. “आधी त्या पोरक्या लेकराला जेवायला घाल, सटवे.”

“मावशे, मी पुरुष आहे. दाढी बघ माझी.”

“दाढी आली म्हणून काळीज बदलतं होय?”

अटोब्रा रिकाम्या हातानं वळला. त्याच्या मागं मी होतो. मला तिनं केंकी दिली, वर तळलेली मासळी दिली, कारण मी आमच्या नाटकमंडळीत नुसती गिटार वाजवायचो. अटोब्रा सावत्र आई व्हायचा. आमच्याकडे बायकांची कामं पुरुषच करत, आणि उपाशी पोरासमोर बसून अटोब्रा असा चाटूनपुसून जेवायचा की प्रेक्षक उठून रंगमंचावर येत आणि पोराला घरचा डबा भरवत. विन्नेबा गावात एका म्हाताऱ्यानं अख्खी बकरी आणली होती, शिजवलेली, शिंगांसकट. पोराचं काम करणारा क्वेसी चाळिशीतला. खाऊन खाऊन त्याचं पोट असं सुटलं की त्याला उपाशी म्हणताना आम्हीच खाली बघायचो. अटोब्राच्या वाट्याला प्रेक्षकांनी फेकलेल्या संत्र्याच्या साली.

हे सगळं तो हसण्यावारी न्यायचा. आराबाचं लग्न अडलं तेव्हा हसू आटलं.

आराबा त्याची एकुलती एक. बायको गेल्यावर त्यानंच तिला पाठीला बांधून गावोगाव नेलं, त्यानंच तिच्या वेण्या घातल्या. मुलाकडचे रीतीप्रमाणे मागणीची दारूची बाटली घेऊन आले. मुलाची आत्या मान्सा सगळ्यांच्या पुढे. तिनं अटोब्राला नीट न्याहाळलं, टेबलावर ठेवलेली बाटली उचलली आणि काखेत मारली.

“इथं सोयरीक नको. ही बाई पोरांना उपाशी मारते.”

“आत्याबाई, ते नाटक असतं.”

“अंगात असल्याशिवाय कुणाला इतकं जमतं?”

अटोब्रा मंडळीच्या मालकाकडे गेला. “एकदाच भल्या आजीचं काम द्या. मान्सा आत्याला पहिल्या रांगेत बसवतो. बघू दे तिला.”

“तू आणि भली?” मालक म्हणाले. “लोक खुर्च्या मोडतील रे माझ्या.” पण दिलं.

रविवारी दुपारी शाळेच्या पटांगणात खेळ लागला. भली आजी सुपाचा वाडगा घेऊन आली, क्वेसीच्या केसांतून हात फिरवून म्हणाली, “खा रे राजा.”

“खाऊ नकोस,” मागून कुणी ओरडलं. “विष कालवलंय तिनं.”

दोन बायका वर चढल्या आणि वाडगा उलथवून गेल्या. क्वेसी आयुष्यात कधी अन्नाला नाही म्हणाला नव्हता. त्या दिवशी तोंडातला घोट त्यानंही थुंकला.

अटोब्रानं केसांचा टोप काढून हातात घेतला. “पुरे झालं,” तो स्वतःच्या आवाजात म्हणाला. “मी अटोब्रा. माझ्या पोरीला मी आईविना वाढवलं. स्वतः पाणी पिऊन झोपलो, पण तिला उपाशी झोपवलं नाही. माझ्या कामासाठी तिला का शिक्षा?”

 पटांगणात असं रडू फुटलं की माझ्या गिटारीचं लाकूड ओलाव्यानं फुगलं. लोक नाणी फेकू लागले. मान्सा आत्या डोळे पुसत वर आली आणि तिनं नटाला शाबासकी म्हणून लावतात तशी एक नोट त्याच्या घामेजल्या कपाळावर चिकटवली.

“मग बाटली कधी आणता, आत्याबाई?” अटोब्रानं हळूच विचारलं.

आत्या हसली. “काय हुबेहूब करतोस रे मेल्या. क्षणभर मला खरंच वाटलं.” आणि ती खाली जाऊन बसली.

“पुन्हा होऊ दे,” लोक ओरडू लागले. अटोब्रा हलला नाही. मालक मला वाजवायच्या खुणा करत होते. मी गिटार खाली ठेवली.

तेवढ्यात आराबा कडेनं वर आली. तिनं लुगड्याचं टोक ओलं केलं, बापाची हनुवटी धरली आणि त्याच्या तोंडावरची पांढरी भुकटी, काजळ, सगळं सावकाश पुसायला घेतलं. तिच्याही पायांशी नाणी पडू लागली. तिनं खाली पाहिलं नाही. कानामागचा रंग राहिला होता, तो पुसायला तिनं त्याची मान जरा वळवली.