टाचेखालची करडी वीट

मित्रांनो, मी एक जुनी वीट आहे. लाल नव्हे, करडी. कोराडीच्या वीजकेंद्रात कोळसा जळतो, त्याची राख उरते, त्या राखेची मी. लाल विटा मला पाहून नाकं मुरडतात, पण कडा बघाल तर माझ्याच सरळ.

नागपूरच्या नंदनवन वस्तीत वामनराव आणि जयवंताबाईंचं घर बांधलं, तेव्हा भिंतीत न बसता मी एकटी उरले. पुढची पंधरा वर्षं त्यांच्या कूलरच्या पायाखाली काढली. उन्हाळाभर अंगावर गार पाणी ठिबकायचं. याहून सुखाची नोकरी नागपुरात कुठली?

मग घरात गुळगुळीत टाइल्स आल्या. जयवंताबाई दिवसभर त्यांवर अनवाणी वावरायच्या, कारण घरात चपला घालणं त्यांना पटत नसे. यंदाच्या मे महिन्यात त्यांची उजवी टाच दुखू लागली. सकाळी पहिलं पाऊल टाकताना डोळ्यांत पाणी यायचं. भिंत धरून थोडं चाललं की जरा बरं. त्यांना घोर एकच लागला होता. दसऱ्याला त्या पायी दीक्षाभूमीला जात. लहानपणी आईचं बोट धरून गेलेली वाट, ती यंदा चुकणार की काय?

शेजारच्या पार्वतीबाई म्हणाल्या, "हाड वाढलं असंन वं. वीट तापव, रुईचं पान ठेव अन् टाच दाब."

झालं, कूलरखालून मला ओढलं ते थेट गॅसवर. राखेच्या पोरीला विस्तवाचं काय भय? उलट मी फुशारले, आता मी डॉक्टरीण झाले म्हणून. शेक तेवढ्यापुरता बरा वाटायचा, सकाळी दुखणं हजर. बाई मला रोज जास्त तापवू लागल्या. आठव्या दिवशी टाचेला हा मोठा फोड आला. विटेला मान नसते, नाहीतर माझी खाली गेली असती.

वामनराव त्यांना फिजिओथेरपीवाल्या दीप्तीकडे घेऊन गेले. पिशवीत मलाही घेतलं, पुरावा म्हणून.

"काकू, एवढं भाजलं काहून?"

"हे वीट," वामनरावांनी मला टेबलावर ठेवलं. "रोज इले तापवून राहिली अन् पाय भाजून राहिली."

दीप्तीनं टाच दाबून पाहिली. "हाडाची काळजी सोडा. टाचेपासून बोटांपर्यंत तळपायात एक जाड पट्टा असतो. रात्री तो आखडतो आणि सकाळी एकदम ताणला की कळ येते. आधी फोड बरा होऊ द्या, मग व्यायाम. घरात मऊ चपला घाला."

"घरात चपला? माह्याच्यानं नाई होत."

"मंग यंदा ऑटोनं जा दीक्षाभूमीले," वामनराव म्हणाले.

त्याच संध्याकाळी घरापुरत्या मऊ चपला आल्या.

दवाखान्यातून निघताना दीप्तीनं मला उचललं होतं. "ही फेकू नका. पंजा हिच्यावर, टाच जमिनीवर, हात भिंतीला. तीसपर्यंत मोजायचं."

"तापवून?"

"नाही काकू, थंडच."

फोड भरला आणि माझी नवी नोकरी सुरू झाली. मोजायचं काम वामनरावांचं. ते मुद्दाम एकोणतीसवर तीनदा अडायचे आणि बोलणी खायचे. बाई उठण्याआधी गादीवरच पावलं स्वतःकडे ओढून धरत, संध्याकाळी गार पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवत. महिनाभर काही फरक दिसेना. मग भिंतीचा हात सुटला. सप्टेंबरात त्या बाजारातून पायी आल्या आणि मला मनापासून आनंद झाला.

दसऱ्याला पांढरी साडी नेसून, पायात मऊ तळव्यांचे बूट घालून त्या निघाल्या. संध्याकाळी परतल्या त्याही पायीच. ऑटोनं आले ते वामनराव, गुडघे चोळत. मी आयुष्यात एवढी हसले नव्हते.

मित्रांनो, मला तापवून कोणाच्या टाचेखाली ठेवू नका, एवढंच मागणं. आणि उद्या सकाळी जरा लवकर उठा. घरात कोणी भिंत धरून चालत असेल, तर काय होतंय ते विचारा. आई म्हणेल, काही नाही. ते खरं मानू नका.