प्यून आणि पायोनियर

"अहो गुलाबभाऊ, टेकून बसा ना! खुर्ची काई पळून नाई चालली," हेडमास्तर हसत म्हणाले.

गुलाब टेकतो कसला! सौसरच्या या शाळेत चौतीस वर्षं त्यानं खुर्च्या मांडल्या, उचलल्या, पुसल्या. बसायची पाळी आली ती आज, निरोपाच्या दिवशी. चपला सवयीनं दाराबाहेरच काढलेल्या. आणि भाषणाला उभी राहिली प्रणाली, त्याचीच पोरगी. चार वर्षांपासून ती इथं अतिथी शिक्षक म्हणून इंग्रजी शिकवत होती.

पण शाळेत ती त्याला 'गुलाबभाऊ' म्हणे, तो तिला 'मॅडम'. नियम त्याचाच. "प्यूनची पोरगी म्हनून पोरं तुले मोजनार नाईत," असं त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बिचारी रडली, पण तिनं नियम पाळला. आता मात्र त्याच्या जिवाला एकच आस लागली होती. एकदा, फक्त एकदा, या शाळेत तिनं आपल्याला बाबा म्हणावं. पण मागायचं कोणत्या तोंडानं?

"आज मी दोन इंग्रजी शब्दांबद्दल बोलते," प्रणालीनं सुरुवात केली. "प्यून आणि पायोनियर. एकाला आपण पाणी आणायला सांगतो, दुसऱ्याचे धडे पाठ करतो. पण दोघांचं मूळ एकच, पायी चालणारा सैनिक. फौजेच्या पुढं जाऊन झाडंझुडपं तोडून जो वाट करायचा, तो पायोनियर. आणि हुकूम ऐकत जो चालतच राहिला, तो प्यून. आपले गुलाबभाऊ दोन्ही आहेत. मी कॉलेजात गेले, ती वाट कोणी केली हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे."

टाळ्यांचा नुसता कडकडाट! गुलाबचा ऊर भरून आला. तरी ते 'गुलाबभाऊ' मनात सलत राहिलं. नियम आपलाच, आता बोल लावायचा कोणाला?

साडेचार वाजले. सत्कार राहिला बाजूला, गुलाब उठला आणि अनवाणीच जाऊन त्यानं सुटीचे टोल दिले. पोरं फाटकाकडे धावली. वळून पाहतो तर प्रणाली त्याच्या चपला हातात घेऊन येत होती. मागं सगळा स्टाफ उभा. तिनं वाकून चपला त्याच्या पायांपुढं ठेवल्या.

"घाला बाबा. माय वाट पाहून राहिली असन."

गुलाबनं चपलांत पाय घातले. काय काय बोलायचं होतं त्याला! पण सवयीनं तोंडातून एवढंच निघालं, "हो, मॅडम."