पंख्याखालचा डाग

मे महिन्यात, ऐन उन्हात, मार्तंडचे डोळे भाजले. ट्रॅक्टर तापून उकळत होता आणि त्यानं घाईत रेडिएटरचं झाकण फिरवलं. वाफ सरळ तोंडावर आली. नागपूरच्या दवाखान्यात दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून डॉक्टर म्हणाले, "दहा दिवस थांबा. आत्ता काही सांगता येत नाही."

काटोलजवळच्या मळ्यातली संत्र्याची चारशे झाडं दहा दिवस थांबणार नव्हती. विहिरीवरचा पंप ट्रॅक्टरच्या पुलीला पट्टा लावून चालायचा, आणि ट्रॅक्टर आता अर्ध्या तासात उकळत होता. उकळला की बंद करावा लागे. बंद केला की बॅटरीत जीव नसल्यामुळे सुरू होत नसे. मग पट्टा काढायचा, शेजारच्या देवाजीचे चार बैल जुंपायचे, ओढून इंजिन सुरू करायचं आणि पुन्हा विहिरीवर आणून पट्टा चढवायचा. एवढ्या खटाटोपात पाणी मिळायचं दोन ओळींना.

मार्तंडची बायको पुष्पलता पाच दिवस हेच करत होती. झाडांची पानं दुमडून सुरळीसारखी झाली होती. पाचव्या संध्याकाळी देवाजी बैलाचा पाय हातात धरून बसला.

"वहिनी, खूर सोलून निघाला जी याचा. परवा एक डाव ओढून देतो. मंग माह्यानं नाही होत."

पुष्पलतेनं घरातल्या खोक्याचा पुठ्ठा उलगडला आणि ट्रॅक्टरखाली सरकवला. सकाळी त्यावर डाग पडले होते. कोणता डाग कशाखाली, ते तिनं कोळशानं खुणावलं. तो पुठ्ठा घेऊन ती पहिल्या गाडीनं नागपूरला गेली.

वॉर्डात मार्तंडच्या उशाशी त्याची आई प्रयागबाई वारा घालत होती. पुष्पलतेचा आवाज ऐकताच त्यानं मान फिरवली.

"झाडं मेली न?"

"नाही मेली. तुम्ही हे पाहा." बोलून गेल्यावर तिला 'पाहा' हा शब्द खटकला. तिनं त्याचा हात धरून पुठ्ठ्यावर ठेवला.

"काहून छळतं वं मले? त्या डब्यानं माहे डोळे खाल्ले. भंगारात देऊन टाक."

"मंग झाडं बी भंगारात देऊ? एक डाव ओढाचे बैल आहेत. एकच डाव. त्याच्या आत मले सांगा काय बिघडलं थे."

त्याची बोटं पुठ्ठ्यावरून फिरली. एक डाग त्यानं नाकाशी नेला. "हे गिअरचं तेल. थोडं थोडं गळते, गळू दे. वरून टाकत जाय." पुढचा डाग कोरडा, खरखरीत होता. "हा गंजाचा. हा कोठी होता?"

"पंख्याच्या मागं. रेडिएटरखाली पुठ्ठा कोरडा होता."

मार्तंड उठून बसायला लागला. आईनं त्याला दाबून धरलं.

"म्हणजे रेडिएटर नाही. पंख्यामागं इंजिनात पाणी फिरवणारा पंप आहे, त्याचं सील गेलं. अन् समोरचा बॅटरीचा लाल दिवा कधीपासून जळून राहिला?"

"तुमाले भाजलं त्याच्या आदल्या दिवसापासून."

"त्याच्याच शेजारी बॅटरी भरणारा डायनामो आहे वं! पाणी उडून त्याच्यात गेलं. रोग एकच आहे."

त्यानं तिला सगळं दोनदा सांगितलं आणि तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. सील बदल. डायनामोच्या दोन्ही तारा काढ, तिथले दोन्ही खिळे तारेच्या तुकड्यानं जोड. त्या तुकड्यापासून ट्रॅक्टरच्या अंगापर्यंत एक बल्ब लाव आणि इंजिन हळू चालव. बल्ब लागला तर डायनामो चांगला. नाही लागला तर मागची पट्टी सरकवून आतले कार्बनचे दोन ठोकळे खाली टेकले का ते पाह्य.

"अन् पदर खोचून घे," तो म्हणाला. "पंखा कोणाचा नसतो."

नागपूरच्या जरीपटका भागात चार दुकानं फिरल्यावर तिला सील मिळालं. "थोडं घट्ट बसेल," दुकानदार म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिनं आणि देवाजीनं इंजिनाचा पंप खोलून ते बसवलं. तिची बोटं सोलली. मग बैल जुंपले. दुखऱ्या खुराचा बैल दोनदा गुडघ्यावर आला, तिसऱ्यांदा ट्रॅक्टर हलला, धुराचा लोट निघाला आणि इंजिन धडधडू लागलं.

पंपाखाली थेंब नव्हता. तिनं डायनामोच्या तारा काढून खिळे जोडले, बल्ब लावला.

बल्ब लागला नाही.

"वहिनी, आता बंद नको करू," देवाजी ओरडला. "बैलांत दम नाही राह्यला."

ती चाकाजवळ बसली. मार्तंडनं चालू इंजिनात कार्बन कसे पाहायचे, हे सांगितलंच नव्हतं. तिला रडू आलं, आणि रडतच तिनं पदर आणखी आवळून खोचला. डायनामोची मागची पट्टी सरकवली. आत एक कार्बन खाली टेकलेला, दुसरा गंजानं वरच अडकून राहिलेला. लोखंड लावायची तिची हिंमत झाली नाही. तिनं संत्र्याची वाळकी काडी मोडली आणि तिच्या टोकानं कार्बन हळूच दाबला.

बल्ब भपकन पेटला. काडी उचलली, विझला. तिनं पुन्हा दाबला, थोडा हलवला, आणखी हलवला. गंजाची भुकटी पडली, कार्बन सुटा झाला, वरची स्प्रिंग त्याच्यावर बसली. तिनं काडी काढून घेतली. बल्ब पेटलेलाच राहिला.

तारा जागेवर बसवून तिनं इंजिनाचा वेग वाढवला. लाल दिवा मिणमिणला आणि गेला.

"गेला वं माय!" देवाजी म्हणाला आणि बैलाच्या मानेवर डोकं टेकून उभा राहिला.

तीन दिवस ट्रॅक्टर चालत राहिला. ती फक्त डिझेल भरायला तो बंद करत होती आणि चावी फिरवताच तो सुरू होत होता. तरी बांधाकडची पासष्ट झाडं गेली. त्यांची पानं झडली आणि फांद्या काळ्या पडल्या.

दहाव्या दिवशी मार्तंडच्या पट्ट्या सुटल्या. उजव्या डोळ्याला धुरकट दिसू लागलं. डावा गेला होता. त्यानं पुष्पलतेच्या हातांवरच्या जखमा जवळ नेऊन पाहिल्या आणि किती झाडं राहिली ते विचारलं. तिनं खरा आकडा सांगितला. मग ती डॉक्टरांना विचारायला गेली, की घरी गेल्यावर त्याच्या उजव्या डोळ्याला ऊन चालेल की नाही.