न वाजलेल्या शिट्टीची कबुली

मित्रांनो, मी एक जुना कुकर आहे, आणि एक अपराध माझ्या मनात अजून सलतो आहे.

पुण्याच्या कुमुदिनीबाईंनी मला दुकानातून पारखून घरी आणलं. पाहुणे भाताची तारीफ करायचे आणि मी मनातल्या मनात फुगायचो. पुढे त्यांचा मुलगा विनय नोकरीसाठी नेदरलँडला निघाला, तेव्हा टॉवेलात गुंडाळून मीही तिथल्या झूटरमेर गावी आलो.

२०२० च्या फेब्रुवारीत बाई महिन्याभरासाठी इथे आल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकल्या. त्यांना मधुमेह होता. सून भार्गवीने त्यांचा भात बंद करून किनोआ हे परदेशी धान्य सुरू केलं. त्यात प्रथिनं आणि तंतू भरपूर असतात, पांढऱ्या भातापेक्षा साखर सावकाश वाढते, हे तिने वाचलेलं खरंच होतं. पण धुतलं की सत्त्व जातं, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. ती किनोआ न धुताच शिजवायची. त्याच्या दाण्यांवर कडू आवरण असतं. शिजताना त्याचा कडू फेस माझ्याच अंगाला चिकटायचा, त्यामुळे मला कळत होतं. भार्गवी स्वतः लॅपटॉपसमोर ब्रेड खायची.

एवढ्या मीटिंगा सांभाळून सून रांधते, तिला नावं कशी ठेवायची, म्हणून बाई चार घास कसेबसे गिळायच्या. मग तीन वाजता भूक लागली की मला शिट्टी न लावता गुपचूप भात शिजवायच्या आणि खाऊन झाल्यावर मला लख्ख घासून ठेवायच्या. "आई आता भाताचं नावच काढत नाहीत," भार्गवी फोनवर मैत्रिणींना सांगायची. मी मिठाची गुळणी धरून बसायचो.

मे महिन्यात बाईंची साखर फार वाढली. भार्गवीने डॉक्टरांना फोन लावला. "नो राइस ॲट ऑल, डॉक्टर," ती ठामपणे म्हणाली. डॉक्टरांनी मधुमेहाची गोळी वाढवायचं ठरवलं. नेमकी त्या दुपारी बाईंनी जुन्या सवयीने मला शिट्टी लावली होती. मी वाजलो.

शिट्टी घरभर ऐकू गेली. भार्गवी स्वयंपाकघरात आली.

"आई, हे काय?"

"किनोआ कडू लागतो गं. तुझे कष्ट बघून सांगायला जीभ रेटली नाही."

भार्गवीने उरलेल्या किनोआचा घास तोंडात घातला. तिचा चेहरा उतरला. "मी एकदाही चाखला नाही, आई." मग तिने फोन उचलला. "सॉरी डॉक्टर, शी वॉज ईटिंग राइस." गोळी वाढली नाही.

दुसऱ्या दिवसापासून किनोआ बारीक गाळणीत फेस जाईपर्यंत धुतला जाऊ लागला. वाटीला दोन वाट्या पाणी, शिट्टी न लावता मंद आचेवर पंधरा मिनिटं, आच बंद करून आणखी पाच मिनिटं झाकण. वर मटार, फोडणी आणि लिंबू. किनोआही बेतानेच, कारण साखर त्यानेही वाढतेच. दोघी एकत्र जेवायला बसू लागल्या.

विमानं सुरू झाल्यावर बाई परत गेल्या. मी आता खालच्या खणात असतो आणि एकच विचार करतो. गोळी वाढली असती आणि बाईंनी खरंच भात सोडला असता, तर त्यांची साखर एकदम उतरली असती, त्या चक्कर येऊन पडल्या असत्या. सगळं ठाऊक असून मी गप्प होतो. वाजलो तोही माझ्या मनाने नाही, शिट्टी लावली म्हणून.

मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे, ते शिट्टीसारखं कुणी लावून द्यावं लागत नाही. घास कडू लागला तर त्याच दिवशी सांगा. आणि मायेने वाढत असाल, तर आधी एक घास स्वतः खाऊन बघा.