धसईपलीकडची भरती

१९४१ साली धसईच्या पलीकडे आमच्या गावात लोकल बोर्डाची शाळा होती, टिपणीस मास्तर होते, फळाही होता. मुलांची तेवढी टंचाई होती. तपासणीत वीस पोरं दिसली नाहीत तर शाळा बंद आणि मास्तर घरी, असं वरून आलं होतं. घरी म्हणजे सासऱ्यांच्या घरी, म्हणून मास्तर हादरले होते.

त्यांनी गावच्या दवंडीवाल्या नथूला दवंडी द्यायला सांगितली, 'शाळेत मुलांची भरती सुरू आहे.' नथू काटकसरी माणूस. शाळा समोर दिसतेच आहे म्हणून त्यानं 'शाळेत' गाळलं, आणि रुबाबासाठी 'साहेब सोता येनार' हे पदरचं घातलं.

नेमकी मागच्याच आठवड्यात मुरबाडला फौजेच्या भरतीची लॉरी येऊन गेली होती. तपासणीच्या सकाळी गावात मुलगा औषधालाही उरला नाही. सगळे रानात.

"अहो, सहा वर्षांची पोरं फौजेत कशाला नेतील?" मास्तर देवजीच्या अंगणात ओरडले.

"ब्यांड वाजवाया," देवजी म्हणाला. त्याला लढाईतलं बरंच कळे.

"ही शाळेची भरती!"

"लॉरीवाला बी असाच गोड बोलत व्हता, मास्तर."

मास्तर मटकन ओट्यावर बसले. देवजीची बायको हिराबाई सारवत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "पोरींना नेतात काय वो फौजेत?"

"नाही."

"मंग पोरी न्या की. आमची पारू न्या, शेजारची गंगी न्या. सांजच्याला परत आनून द्या मंजी झालं."

तपासणीला दिपोटीसाहेब, म्हणजे शाळांचे डेप्युटी इन्स्पेक्टर, आले तेव्हा शाळा पोरींनी गच्च भरली होती. अख्ख्या तालुक्यात साहेबांनी एवढ्या मुली शाळेत पाहिल्या नव्हत्या. त्यांनी कौतुकानं पारूला विचारलं, "आणि मुलगे गं?"

"फौजेला भिऊन रानात पलाले."

साहेबांचा टाक थांबला. लढाईच्या दिवसांत असलं वाक्य शेऱ्यात गेलं, तर आधी साहेबांचीच तपासणी झाली असती. त्यांनी लिहिलं, 'मुलगे शेतकामात. मुलींची शाळा म्हणून चालू ठेवावी. बाई मिळेपर्यंत टिपणीस मास्तरांनी काम पाहावे.'

शाळा वाचली. मास्तरांनी सासऱ्यांना खुशालीचं कार्ड टाकलं.

पारू संध्याकाळी सुखरूप परत आलेली पाहून दुसऱ्या दिवशी देवजी आपल्या पोराला, नवशाला, दंडाला धरून हजर.

"ही मुलींची शाळा आहे, देवजी."

"आन् तुमी वो?"

"मी बाईंच्या जागेवर आहे."

"मंग ह्यो पोरीच्या जागेवर बसंल," देवजी म्हणाला. "सरक गो पारू."